हिमोग्लोबिनची पकड सैल का होते? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात रक्ताच्या पीएचबद्दल थोडंसं लिहिलं होतं, की धमनीतल्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात राहतो, आकडा खाली आला की रक्त अ‍ॅसिडच्या बाजूला सरकलं आणि वर गेला की अल्कलीच्या बाजूला. त्यावर आलेल्या पत्रांत एक धागा परत परत दिसला, अ‍ॅसिडचा आणि ऑक्सिजनचा संबंध काय? म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्यावरचेच घेतलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण ते नीट वाचलंत तर पुढची आपोआप सोपी जातील.

प्रश्न : मॅडम, मी बायोलॉजी शिकतेय. पुस्तकात आहे की रक्तात अ‍ॅसिड वाढलं की हिमोग्लोबिनची ऑक्सिजनबद्दलची ओढ कमी होते आणि ऑक्सिजनच्या कुठल्या दाबाला हिमोग्लोबिन किती भरतं हे दाखवणारा कर्व्ह उजवीकडे सरकतो. पाठ केलंय, मार्कही मिळाले. पण खरं सांगू का, कळलं काहीच नाही. ओढ कमी झाली म्हणजे ऑक्सिजन कमी धरला जाणार ना? मग ते शरीराच्या फायद्याचं कसं? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : मार्क मिळाल्यावरही तुला हे टोचत राहिलं याचा मला फार आनंद झाला, कारण अडचण बरोब्बर तिथेच आहे. पुस्तकं "ओढ कमी होते" एवढं सांगून थांबतात, ती कुठे कमी होते हे सांगत नाहीत, आणि सगळी मेख त्या "कुठे"मध्ये आहे.

हिमोग्लोबिनला दोन कामं आहेत आणि ती एकमेकांच्या उलट आहेत. फुफ्फुसात ऑक्सिजन पकडायचा आणि स्नायू, मेंदू, हृदय अशा ठिकाणी जाऊन तो सोडायचा. पकड कायम घट्ट असती तर फुफ्फुसातलं काम झकास झालं असतं पण ऑक्सिजन नुसताच गोल गोल फिरून परत आला असता, आणि कायम सैल असती तर मुळात भरलाच गेला नसता. म्हणजे एकच रेणू, पण जागा बदलली की त्याचा स्वभाव बदलायला हवा. तो बदलायला कोण लावतं, तर बऱ्याच अंशी हे अ‍ॅसिड.

आता आकडे बघ. १०० मिलिलिटर रक्तात साधारण १५ ग्रॅम हिमोग्लोबिन असतं आणि ते जवळपास २० मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. प्लाझ्मात नुसता विरघळलेला ऑक्सिजन किती, तर जेमतेम ०.३ मिलिलिटर. म्हणजे सगळी भिस्त हिमोग्लोबिनवर. फुफ्फुसातून निघताना ऑक्सिजनचा दाब १०० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो आणि हिमोग्लोबिन ९७ टक्के भरलेलं असतं. आपण शांत बसलेलो असताना शरीरभर फिरून परत आलेल्या रक्तात दाब ४० वर आलेला असतो, पण हिमोग्लोबिन अजून ७५ टक्के भरलेलंच असतं! २० मधले फक्त ५ मिलिलिटर दिले, बाकीचे तसेच परत आणले. हा साठा हाताशी आहे, प्रश्न एवढाच की गरज पडली की तो मोकळा कसा करायचा.

आता समज तू जोरात धावायला लागलीस. मांडीचे स्नायू भरपूर कार्बन डायऑक्साइड बनवतात, लॅक्टिक अ‍ॅसिडही तयार होतं, तापमानही चढतं. तो कार्बन डायऑक्साइड लाल पेशीत शिरतो आणि तिथे कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज नावाचं एन्झाइम त्याची पाण्याशी गाठ घालून देतं. हे एन्झाइम इतकं वेगवान आहे की त्याचा एक रेणू सेकंदाला लाखो रेणू हातावेगळे करतो, आणि तसा वेग लागतोच कारण लाल पेशी केशवाहिनीतून एखाद्या सेकंदात निघून जाते, रेंगाळायला वेळच नसतो. या रिअ‍ॅक्शनमधून बायकार्बोनेट आणि हायड्रोजन आयन तयार होतात. बायकार्बोनेट पेशीबाहेर पडतं, त्याच्या बदल्यात क्लोराइड आत येतं, आणि हायड्रोजन आयन, म्हणजे खरंखुरं अ‍ॅसिड, हिमोग्लोबिनला जाऊन चिकटतो. त्याने पकड सैल होते.

किती सैल होते याचा हिशोब करून बघ. दाब तोच ४० ठेवायचा, फक्त पीएच ७.४ वरून ७.२ वर आणायचा. ७५ टक्के भरलेलं हिमोग्लोबिन साधारण ६२ टक्क्यांवर येतं. म्हणजे ऑक्सिजनचा दाब जराही न पाडता दर १०० मिलिलिटर रक्तामागे अडीच मिलिलिटर ऑक्सिजन जास्त मिळाला, ५ चे साडेसात झाले! आणि हेच ७.२ पीएचचं रक्त फुफ्फुसात असतं तर तिथे नुकसान किती झालं असतं? ९७ चे ९५, बस. कारण १०० च्या दाबाला तो कर्व्ह जवळजवळ सपाट असतो, तिथे तो उजवीकडे सरकला तरी फारसं बिघडत नाही, पण ४० च्या आसपास तो तीव्र उताराचा आहे आणि तिथे थोडंसं सरकणंही खूप काही देऊन जातं. परीक्षेला काढतेस तो एसच्या आकाराचा ग्राफ समोर घे, दोन्ही दाबांना उभ्या रेघा मार आणि दोन्ही कर्व्हवरची उंची मोजून बघ. दहा मिनिटांचं काम आहे, पण एकदा स्वतःच्या हाताने केलंस की कधीच विसरणार नाहीस, मी खात्रीने सांगते.

आणि खरं सुख पुढे आहे. ते रक्त फुफ्फुसात परत आलं की कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे बाहेर पडतो, तो गेला की अ‍ॅसिडही कमी होतं, आणि पकड परत घट्ट. म्हणजे जिथे काम चाललंय तिथेच अ‍ॅसिड बनतं आणि तिथेच ऑक्सिजन सुटतो. जो स्नायू जास्त राबतो त्याला आपसूक जास्त मिळतो, शेजारच्या स्वस्थ पडलेल्या स्नायूला आपसूक कमी, मेंदूकडून कसलीही ऑर्डर यावी लागत नाही. मी इतकी वर्षं हे शिकवतेय तरी या जागी आले की दर वेळी दोन क्षण थांबावंसं वाटतं.

रेणूच्या आत काय होतं तेही थोडक्यात सांगते. हिमोग्लोबिनमध्ये प्रोटीनच्या चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा, आणि हा रेणू दोन रूपांत वावरतो, एक ताणलेलं, ज्यात ऑक्सिजनची पकड कमी, आणि एक सैलावलेलं, ज्यात पकड जास्त (हो, नावं उलटी वाटतात, सगळ्यांचाच इथे गोंधळ होतो). हायड्रोजन आयन बीटा साखळीच्या टोकाच्या, म्हणजे १४६ व्या जागेवरच्या हिस्टिडीन या अमिनो अ‍ॅसिडला चिकटला की त्याच्यावर पॉझिटिव्ह चार्ज येतो, तो जवळच्या निगेटिव्ह चार्जवाल्या अ‍ॅस्पार्टेट या दुसऱ्या अमिनो अ‍ॅसिडला धरून बसतो आणि ताणलेलं रूप पक्कं होतं. दुसऱ्याही काही जागा आहेत पण सगळ्यात मोठा वाटा या एकाचा. मॅक्स पेरूट्झ यांनी हिमोग्लोबिनची रचना एक्स-रेने उलगडली, त्यासाठी त्यांना १९६२ चं नोबेल मिळालं, आणि पुढे १९७० मध्ये त्यांनी ही दोन रूपांची यंत्रणा मांडली.

मूळ शोध त्याहून खूप जुना. १९०४ मध्ये कोपनहेगनला ख्रिश्चन बोर, कार्ल हॅसलबाल्क आणि ऑगस्ट क्रोग यांनी दाखवलं की कार्बन डायऑक्साइड वाढवला की रक्त ऑक्सिजन सोडतं, म्हणून याला बोर इफेक्ट म्हणतात. अणूच्या मॉडेलवाले नील्स बोर ते यांचेच चिरंजीव. मला यातली एक गोष्ट फार आवडते. याच ख्रिश्चन बोर यांचं ठाम मत होतं की फुफ्फुसं ऑक्सिजन स्वतः जोर लावून रक्तात ढकलतात, आणि ते मत चुकीचं आहे हे पुढे त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या क्रोग यांनी पत्नी मारी यांच्यासोबत प्रयोग करून सिद्ध केलं. गुरूचं एक म्हणणं शंभर वर्षांनंतरही टिकलं, दुसरं शिष्यानेच खोडलं. विज्ञानात दोन्हीला सारखाच मान आहे.

एक सांगायचं राहू नये. शांत बसलेलो असताना धमनीतल्या आणि शिरेतल्या रक्ताच्या पीएचमध्ये फरक अगदी थोडा असतो, ७.४० आणि ७.३६ च्या आसपास, त्यामुळे तेव्हा बोर इफेक्टचा वाटाही लहानच असतो. जोराच्या व्यायामात मात्र पायातून परत येणाऱ्या रक्ताचा पीएच ७.२ च्या खालीही जातो आणि तेव्हा याची खरी किंमत कळते.

प्रश्न : मी धावण्याच्या स्पर्धेत भाग घेतो. एका मित्राने सांगितलं की सुरुवातीच्या आधी एक-दोन मिनिटं जोरजोरात खोल श्वास घेतले की शरीरात ऑक्सिजन भरून राहतो. करून बघितलं तर चक्कर आली, ओठाभोवती आणि बोटांना मुंग्या आल्या. ऑक्सिजन जास्त झाला म्हणून का? (एक धावपटू)

उत्तर : नाही हो, उलट झालं. तुमचं हिमोग्लोबिन आधीच ९७-९८ टक्के भरलेलं होतं, वर ठेवायला जागाच कुठे होती? जोरात श्वास घेऊन तुम्ही ऑक्सिजन वाढवला नाहीत, कार्बन डायऑक्साइड धुऊन काढलात. तो कमी झाला की रक्त अल्कलीकडे सरकतं, हिमोग्लोबिनची पकड घट्ट होते आणि वरच्या उत्तरातला सगळा खेळ उलटा फिरतो, रक्तात ऑक्सिजन आहे पण ते तो सोडायला तयार नाही. त्यात भर म्हणजे कार्बन डायऑक्साइड कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. चक्कर मुख्यतः त्या आकसण्यामुळे येते, घट्ट झालेली पकड तिला हातभार लावते. मुंग्यांचं कारण वेगळं, रक्त अल्कलाइन झालं की मोकळं फिरणारं कॅल्शियम प्रोटीनला जाऊन चिकटतं, ते कमी पडलं की नसा उगाच चाळवतात.

जमिनीवर हे थोड्या वेळात ठीक होतं, पण एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते, पाण्याखाली पोहायच्या आधी हे कधीही, कधीही करू नका. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. तो आधीच धुऊन टाकला तर श्वासाची ओढ उशिरा लागते, तोवर ऑक्सिजन संपत येतो आणि माणूस कसलीही सूचना न मिळता पाण्यातच बेशुद्ध होतो. चांगले पट्टीचे पोहणारे यात गेलेत. मित्रालाही सांगा.

प्रश्न : बाबांना डायबेटिस आहे. मध्यंतरी शुगर खूप वाढून रक्तात अ‍ॅसिड झालं म्हणून आयसीयूत ठेवलं होतं, आता बरे आहेत. तेव्हा ते धापा टाकत होते पण बोटावरच्या मशीनवर ऑक्सिजन ९८ दिसत होता, त्यामुळे आम्हाला वाटलं फार काही नाही, आणि डॉक्टर मात्र सीरियस म्हणत होते. दुसरं, अ‍ॅसिड झालंय तर सरळ सोडा देऊन ते मारत का नाहीत? विचारलं होतं पण त्या धावपळीत समजावून सांगायला कोणाला वेळ नव्हता. (एक मुलगी)

उत्तर : बाबा बरे आहेत हे वाचून खूप बरं वाटलं. तुमचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि तुम्हाला उत्तर मिळायला हवं होतं.

पल्स ऑक्सिमीटर एवढंच सांगतो की हिमोग्लोबिन किती भरलंय. रक्तात अ‍ॅसिड किती, कार्बन डायऑक्साइड किती, यातलं त्याला काहीही दिसत नाही, त्यासाठी धमनीतून रक्त घेऊन ब्लड गॅस टेस्ट करावी लागते. बाबांची फुफ्फुसं चांगली होती म्हणून ९८. आणि त्या धापा म्हणजे शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून अ‍ॅसिड कमी करायची धडपड करत होतं. या खोल, सलग श्वासाचं वर्णन अडोल्फ कुसमाउल यांनी १८७४ मध्ये केलं आणि आजही त्याला त्यांचंच नाव आहे. म्हणून डायबेटिसचं माणूस असं धापा टाकत असेल तर ९८ आकडा बघून घरी थांबायचं नाही, ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं.

आता सोड्याबद्दल, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटबद्दल. तुमच्या मनात आलेला विचार साधासरळ आहे, आणि एकेकाळी डॉक्टरही सोडा बराच सढळ हाताने देत. पण लाल पेशीत आणखी एक पदार्थ असतो, टू-थ्री डीपीजी, तोही हिमोग्लोबिनची पकड सैल ठेवतो. रक्त बरेच तास अ‍ॅसिडिक राहिलं की हा पदार्थ कमी होत जातो. म्हणजे एका बाजूने अ‍ॅसिड पकड सैल करतंय, दुसऱ्या बाजूने डीपीजी घटल्यामुळे ती घट्ट होतेय, आणि दोन्ही मिळून पकड बरीचशी नेहमीसारखी राहते. अशा वेळी सोडा देऊन अ‍ॅसिड एकदम हटवलं तर काय उरलं? नुसतं घटलेलं डीपीजी, जे भरून यायला बराच वेळ लागतो. पकड गरजेपेक्षा घट्ट होते आणि पेशींना ऑक्सिजन मिळणं अवघड होऊन बसतं. शिवाय सोड्यामुळे रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि ते हृदयाला धोक्याचं. म्हणून पीएच फारच खाली, ७ च्याही खाली वगैरे गेला नसेल तर साधारणपणे सोडा टाळतात आणि इन्सुलिन, सलाइन, पोटॅशियम यावर भर देतात. इन्सुलिन मिळालं की शरीर कीटोन, म्हणजे रक्तात साचलेलं ते अ‍ॅसिड, बनवणं थांबवतं, असलेले कीटोन जाळतं, आणि त्यातून बायकार्बोनेट आपोआप परत तयार होतं, सावकाश, शरीराला झेपेल अशा वेगाने. ही झाली सर्वसाधारण पद्धत, बाबांच्या केसमध्ये नेमकं काय ठरवलं ते त्यांच्या डॉक्टरांना आता निवांत वेळ घेऊन विचारा.

प्रश्न : अल्कलाइन पाणी प्यायल्याने रक्त अल्कलाइन होऊन ऑक्सिजन वाढतो म्हणतात. खरं आहे का?

उत्तर : नाही. ते पाणी आधी जठरात जातं, तिथलं अ‍ॅसिड त्याची अल्कली तिथेच संपवतं, आणि त्यातूनही जे काही उरेल ते फुफ्फुसं आणि किडन्या सांभाळून घेतात. आपण दिवसभरात श्वासावाटे १३,००० मिलिमोलहून (मिलिमोल हे रेणू मोजायचं एकक) जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो आणि एवढं सगळं करूनही पीएच ७.४ वरून हलत नाही, तिथे एक बाटली पाणी काय करणार? आणि समजा रक्त खरोखर अल्कलाइन झालंच, तर काय होतं ते वरच्या धावपटूला विचारा.

प्रश्न : मी सात महिन्यांची गरोदर आहे. बाळ श्वासच घेत नाही तर त्याला ऑक्सिजन पुरतो कसा, या विचाराने कधी कधी झोप लागत नाही. आई आणि बाळ दोघांचं हिमोग्लोबिन ओढाओढ करत असेल ना?

उत्तर : ओढाओढ होते आणि त्यात बाळ जिंकतं, अगदी निर्धास्त राहा. बाळाचं हिमोग्लोबिन वेगळ्या घडणीचं असतं, त्याच्यावर डीपीजीचा फारसा जोर चालत नाही म्हणून त्याची पकड मुळातच जास्त घट्ट. मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन अर्धं भरायला साधारण २७ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब लागतो, बाळाचं १९-२० लाच अर्धं भरतं.

आणि वर बोर इफेक्ट इथे एकाच वेळी दोन्हीकडून मदत करतो. वारेत बाळाच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड तुमच्या रक्तात येतो. त्यामुळे तुमचं रक्त तिथल्या तिथे थोडं अ‍ॅसिडिक होतं आणि ऑक्सिजन सोडतं, त्याच क्षणी बाळाचं रक्त थोडं अल्कलाइन होतं आणि ऑक्सिजन धरतं. याला डबल बोर इफेक्ट म्हणतात. तुम्ही झोपेत असतानाही हे चालूच असतं, त्यामुळे झोपा.

प्रश्न : उंच पर्वतावर हवा विरळ असते म्हणून माणूस जोरात श्वास घेतो, म्हणजे त्याचं रक्त अल्कलाइन होणार. मग तिथे तर दुहेरी मार झाला की! गिर्यारोहक जगतात कसे? (एक गिर्यारोहक)

उत्तर : तर्क अगदी बरोबर लावलात, फक्त वरचा आणि खालचा फरक एका ठिकाणी आहे. इथे खाली फुफ्फुसात ऑक्सिजनचा दाब १०० असतो, भरायची चिंताच नसते, सगळी अडचण सोडण्याची, म्हणून सैल पकड फायद्याची. खूप उंचावर अडचण भरण्याचीच होते. तिथे फुफ्फुसातला दाबच इतका खाली येतो की आपण कर्व्हच्या सपाट भागावरून घसरून थेट उतारावर येतो, आणि तिथे पकड घट्ट असणं हेच जीव वाचवणारं ठरतं.

१९८१ साली जॉन वेस्ट यांच्या नेतृत्वाखाली डॉक्टर-गिर्यारोहकांची एक मोहीम खास याच अभ्यासासाठी एव्हरेस्टवर गेली होती. त्यातले ख्रिस पिझो यांनी शिखरावर उभं राहून स्वतःच्या उच्छ्वासाचे नमुने भरून आणले. फुफ्फुसातला कार्बन डायऑक्साइडचा दाब, जो एरवी ४० असतो, तो तिथे फक्त ७.५ भरला, म्हणजे श्वास किती जोरात चालू असेल विचार करा. त्यावरून रक्ताचा पीएच ७.७ च्या वर असावा असा हिशोब निघाला. खाली एखाद्या पेशंटचा असा रिपोर्ट आला तर वॉर्डात पळापळ होईल, पण तिथे त्याच अल्कलीमुळे हिमोग्लोबिन त्या विरळ हवेतून मिळेल तेवढा ऑक्सिजन ओढून घेत होतं. सोडायचं काय, असं तुम्ही विचाराल. तर पेशींमध्ये ऑक्सिजनचा दाब त्याहूनही खूप खाली असतो, त्यामुळे घट्ट पकडीतूनही तो सुटतो, थोडा कमी सुटतो, पण भरलाच गेला नसता तर सुटायला काही उरलंच नसतं.